वरून, बाजूने आवाज येतोय, काय करायचं? मुंबईतल्या बिल्डिंगमध्ये नवीन राहायला आलेल्यांसाठी

मुंबईत नवीन घरात राहायला आलं की पाण्याची वेळ, कचऱ्याची वेळ, दूधवाला हे सगळं आठवडाभरात अंगवळणी पडतं. वरच्यांची खुर्ची सरकते, बाजूच्यांच्या खलबत्त्यात लसूण कुटला जातो, रात्री अकराला कोणाची तरी वॉशिंग मशीन स्पिनला लागते, याची सवय मात्र लवकर होत नाही. आणि ज्याला झोपच लागत नाही त्याला "मुंबईत असंच असतं, चालवून घ्या" हे ऐकून अजूनच त्रास होतो.

मी यातून दोन्ही बाजूंनी गेलोय, आधी तक्रार करणारा म्हणून आणि नंतर काही वर्षं सोसायटीच्या कमिटीत बसून दुसऱ्यांच्या तक्रारी ऐकणारा म्हणून. बहुतेक भांडणं चिघळतात ती क्रम चुकल्यामुळे. आधी ग्रुपवर मेसेज, मग पोलीस, आणि शेवटी कधीतरी शेजाऱ्याशी बोलणं, असं उलटं झालं की पुढची दहा वर्षं त्याच लिफ्टमध्ये एकमेकांकडे पाठ करून उभं राहायचं. म्हणून खाली ज्या क्रमाने लिहिलंय त्याच क्रमाने जा, मधली पायरी गाळू नका. अपवाद फक्त सातव्या मुद्द्यात पोलिसांना बोलवायला सांगितलंय त्या गोष्टींचा.

१. आवाज कुठून येतो ते आधी पक्कं करा

सगळ्यात जास्त वेळ इथे घाला, कारण पुढचं सगळं यावर अवलंबून आहे.

बिल्डिंगमध्ये आवाज दोन तऱ्हेने येतो. एक हवेतून, म्हणजे टीव्ही, गाणी, बोलणं, कुत्र्याचं भुंकणं. हा खिडकीतून, दाराच्या फटीतून, डक्टमधून (पाईप जातात त्या उभ्या पोकळीतून) येतो आणि कुठून येतोय ते कानाला बऱ्यापैकी कळतं. दुसरा ठोक्याचा किंवा थरथरीचा, म्हणजे खुर्ची, खलबत्ता, धावणारी पोरं, ड्रिल, मशीन. हा स्लॅब, बीम, कॉलममधून पसरतो आणि इथे कान फसतो. डोक्यावरच वाजतंय असं वाटतं आणि मूळ असतं तिरप्या फ्लॅटमध्ये, दोन मजले वर, कधी कधी चक्क खालच्या घरात.

आमच्या विंगमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना पहाटे कोणीतरी भिंतीवर हातोडी मारतंय असा आवाज यायचा. चौथ्या मजल्यावरच्यांशी बोलणं बंद व्हायची वेळ आली होती. शेवटी त्या चौथ्या मजल्यावरच्या दादांनीच सुचवलं की काकू, आवाजाच्या वेळी मी तुमच्या घरी येऊन बसतो, मग तर कळेल. पहाटे पंप सुरू झाला आणि डक्टमधला उभा पाईप थरथरून भिंतीवर आपटायला लागला, कारण त्याचा एक क्लॅम्प गंजून सुटला होता. प्लंबरने नवीन क्लॅम्प बसवला, पाईप आणि भिंतीच्या मध्ये रबराचा तुकडा घातला आणि विषय तिथेच संपला. दोन घरांमध्ये कारण नसताना वितुष्ट येणार होतं ते टळलं.

तुम्ही हे करून बघा:
- आवाज चालू असताना जिन्यात जा, एक मजला वर, एक मजला खाली, दोन्हीकडे मिनिटभर थांबा.
- घरात कुठल्या खोलीत जास्त येतो ते बघा, भिंतीला आणि कॉलमला कान लावा.
- पंप, लिफ्ट, जनरेटर यांच्या वेळेशी जुळतोय का ते वॉचमनला विचारा. वॉचमनला बिल्डिंगचं सगळं वेळापत्रक पाठ असतं. शेवटच्या मजल्यावर राहत असाल तर लिफ्टची मशीन रूम आणि टाकीचा पाईप हे आधी तपासा.
- तुमच्याच मजल्यावर बाजूच्यांना विचारा, "तुम्हालाही येतो का हो?" एवढंच. कोणाचं नाव घेऊन विचारू नका, संध्याकाळपर्यंत ते वर पोचलेलं असतं.

२. आठ-दहा दिवस नोंद ठेवा

साधी वही चालेल. तारीख, किती वाजता सुरू, किती वेळ चालला, कसला आवाज, कुठल्या खोलीत. एवढंच लिहायचं, आपला राग त्यात लिहायचा नाही. याचा पहिला फायदा आपल्यालाच होतो, कारण "रोज रात्रभर चालतं" असं वाटत असतं आणि वहीत दिसतं की फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी, साडेदहा ते सव्वा अकरा. मग मागणी पण नेमकी करता येते.

फोनवर ऑडिओ रेकॉर्ड करा, आपल्याच घरात उभं राहून. डेसिबल मोजणारी अ‍ॅप असतात, ती अंदाजासाठी ठीक, पण फोनचा माइक प्रमाणित नसतो त्यामुळे तो आकडा पुरावा म्हणून दाखवत बसू नका. आणि दुसऱ्याच्या दाराकडे, खिडकीकडे, त्यांच्या बायकामुलांकडे कॅमेरा कधीही धरू नका. आवाजाची तक्रार बाजूला राहते आणि उलटी तक्रार तुमच्यावर येते.

३. काय मागता येतं आणि काय नाही

रात्री दहानंतर सगळे आवाज बंद असा कायदा आहे, हा गैरसमज खूप जणांचा असतो. नीट समजून घ्या.

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम २००० मध्ये दिवस म्हणजे सकाळी ६ ते रात्री १० आणि रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. रहिवासी भागासाठी मर्यादा दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. शांतता क्षेत्रात, म्हणजे हॉस्पिटल, शाळा-कॉलेज, कोर्टाच्या आसपास सरकारने तसं जाहीर केलेल्या भागात, दिवसा ५० आणि रात्री ४०. रात्री लाऊडस्पीकर, वाद्यं यांच्यावर बंदी आहे, रहिवासी भागात बांधकामाची आवाज करणारी यंत्रं रात्री चालवता येत नाहीत, आणि खासगी जागेतल्या म्युझिक सिस्टिमचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर ठरलेल्या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून जास्त वर जाता कामा नये. सणासुदीला वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देता येते, ते दिवस जाहीर होतात. गणपती-नवरात्रात तक्रार करण्याआधी ती यादी बघा.

म्हणजे रात्री अकराला मोठ्याने गाणी, ड्रिल, पार्टीचा स्पीकर, याच्यावर सरळ बोट ठेवता येतं. तान्ह्या बाळाचं रडणं, आजारी माणसाचं रात्री उठणं, पावलांचा आवाज, सकाळची कुकरची शिट्टी, याला कुठलाही नियम लावायला जाऊ नका. आणि उलट बाजूने, दिवसा आहे म्हणून कितीही आवाज करायची मुभा आहे असंही नाही.

मुंबईत अजून एक गोष्ट बघावी लागते, त्या घराचं वेळापत्रक. ज्यांच्याकडे पाणी पहाटे येतं ते बादल्या-ड्रम पहाटेच भरणार. ज्याला सहाची लोकल पकडायची त्याच्या डब्याची चटणी पाचलाच मिक्सरमध्ये फिरणार. त्यांना "मिक्सर लावू नका" म्हटलं तर ते शक्यच नाही. पण "चटणी रात्री नऊच्या आत करून ठेवता येईल का" किंवा "मिक्सरखाली जाड मॅट टाकून बघूया का" हे शक्य आहे. मागणी अशी ठेवा की समोरच्याला हो म्हणता येईल.

४. बोलायला जा, पण वेळ आणि पद्धत सांभाळा

आवाज चालू असताना जाऊ नका. त्या वेळी आपण तापलेले असतो आणि त्यांच्या घरात पाहुणे असतात किंवा कामाची घाई असते. रविवारी सकाळी दहा-अकरा किंवा संध्याकाळी सात-साडेसात ही बरी वेळ. जमलं तर नवरा-बायको दोघं जा, किंवा आईला सोबत घ्या. दुपारी घरात एकटी बाई असेल अशा वेळी एकट्या पुरुषाने दारात जाऊन बोलू नये, त्यांना अवघडल्यासारखं होतं आणि पुढे वाद झाला तर ते तुमच्या अंगाशी येतं.

पहिल्या भेटीत तक्रारच करायची नसेल तर अजून चांगलं. नवीन आलाय ना, मग ओळख करून घ्यायला जा. नंतरचं बोलणं निम्म्याने सोपं होतं.

काय बोलायचं ते मी साधारण असं सांगतो:

"काकू, मी खालच्या फ्लॅटमधला, गेल्या महिन्यात राहायला आलो. एक छोटी गोष्ट होती, पाच मिनिटं आहेत का? आमच्या बेडरूममध्ये रात्री साडेदहानंतर काहीतरी सरकवल्याचा आवाज येतो, तुमच्याकडूनच येतो का तेही मला नक्की माहीत नाही. आईला झोपेची गोळी आहे, तिला परत झोप लागत नाही. आपण एकदा मिळून बघूया का?"

"तुम्ही आवाज करता" याच्याऐवजी "आमच्याकडे येतो", आणि नक्की माहीत नाही हे मोकळेपणाने सांगणं, एवढ्याने समोरचा बचावाच्या पवित्र्यात जात नाही. बऱ्याच लोकांना खाली किती ऐकू जातं याची खरंच कल्पना नसते, कारण स्वतःच्या घरात त्यांना ती खुर्ची वाजतच नाही.

ते तयार झाले तर फोनवर टेस्ट करा. एकाने वर थांबायचं, एकाने खाली, आणि एकेक वस्तू हलवून बघायची. डायनिंगची खुर्ची, पलंग, मुलाची स्टडी चेअर, कपाटाचं दार, बाथरूममधलं स्टूल. आमच्याकडे लोखंडी फोल्डिंग खुर्ची सापडली होती, जिच्या एका पायाचं रबरी बूच कधीच पडून गेलं होतं. लाकडी सोफा ढकलला तरी खाली काही नाही, आणि ही एवढीशी खुर्ची वीतभर सरकली की खाली कर्रर्र. पंधरा मिनिटांचं काम आहे, आणि दोन्ही घरं एकत्र बसून शोधतात त्यामुळे कोण खरं कोण खोटं हा प्रश्नच उरत नाही.

ठरलं ते त्याच दिवशी एका साध्या मेसेजमध्ये लिहून पाठवा, "काकू, आज भेटून बरं वाटलं, ठरल्याप्रमाणे मी बुचं आणून देतो, मशीन दहाच्या आत लावायचं तुम्ही म्हणालात त्याबद्दल थँक्यू." प्रेमाने लिहिलेलं असलं तरी पुढे लागलंच तर ही नोंद असते.

या टप्प्यावर जे करायचं नाही:
- झाडूच्या दांड्याने छत ठोकणे, किंवा बदला म्हणून आपला स्पीकर मोठा करणे. यात तुमची तक्रार संपली असं समजा.
- सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नाव घेऊन किंवा "काही लोकांना" असं न नाव घेता टोमणा टाकणे. शंभर जणांसमोर अपमान झालेला माणूस मग आवाज कमी करत नाही.
- कामवाल्या मावशींकडून किंवा मुलांकडून निरोप पाठवणे.
- पार्किंग, गळती, मेंटेनन्स हे जुने विषय यात आणणे.

५. स्वस्तातले उपाय, दोन्ही घरांसाठी

खुर्च्या-टेबलांच्या पायांना रबरी बुचं किंवा फेल्टचे चिकटवायचे पॅड, हार्डवेअरच्या दुकानात मिळतात आणि खर्च अगदी कमी. मी तर सांगेन तुम्हीच नेऊन द्या, मान ठेवल्यासारखं होतं. वॉशिंग मशीन खूप हादरत असेल तर आधी तिचे चारही पाय लेव्हलला आहेत का बघा, मग खाली जाड रबरी पॅड. खलबत्ता ओट्यावर किंवा लादीवर थेट न ठेवता खाली दुमडलेलं गोणपाट किंवा जाड टॉवेल. मुलं धावतात तिथे सतरंजी नाही, जाड फोमची मॅट लागते, पातळ सतरंजीने ठोका थांबत नाही. आपटणाऱ्या दाराला रबरी पट्टी. एसीचं बाहेरचं युनिट थरथरत असेल तर स्टँडला रबरी पॅड, हे एसीवाल्याला सांगितलं की तो बसवून देतो.

आपल्या बाजूने, हवेतून येणाऱ्या आवाजाला खिडकीच्या स्लायडिंगच्या फटी बुजवणं, दाराखाली पट्टी, जाड पडदे यांनी फरक पडतो. ठोक्याच्या आवाजाला मात्र खाली बसून फार काही करता येत नाही, फॉल्स सीलिंगवर पैसे घालण्याआधी वरच्या खुर्चीचं बूच बघा.

कुत्रा दिवसभर भुंकत असेल तर तो बहुतेक वेळा एकटा राहतो म्हणून भुंकतो. मालक ऑफिसला असतात, त्यांना माहीतच नसतं, रेकॉर्डिंग ऐकवा. पण सोसायटीने कुत्रा काढायला लावावा अशी मागणी करू नका. भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचनांप्रमाणे सोसायटीला बहुमताने ठराव करूनसुद्धा पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही.

६. सोसायटीकडे लेखी

दोनदा नीट बोलूनही काही झालं नाही तर सेक्रेटरींच्या नावे पत्र द्या. जिन्यात भेटून सांगितलेलं कुठेच नोंद होत नाही.

पत्र एका पानाचं असू दे. कुठला फ्लॅट, कुठला आवाज, कुठल्या वेळा (वहीतून), आधी कधी बोललो आणि काय ठरलं, आणि शेवटी नेमकी मागणी, उदाहरणार्थ "रात्री १० नंतर व्यावसायिक शिलाई मशीन चालवू नये" किंवा "ड्रिलिंगची वेळ ठरवून नोटीस बोर्डावर लावावी". त्यांच्या स्वभावाबद्दल, संस्कारांबद्दल एक शब्द नको. दोन प्रती काढा, एकीवर शिक्का-सही-तारीख घेऊन पोच ठेवा. ऑफिसमध्ये घेत नसतील तर ईमेल करा किंवा स्पीड पोस्टने पाठवा.

महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधीत, म्हणजे सोसायटी चालवायच्या नमुना नियमांत, दोन गोष्टी तुमच्या कामाच्या आहेत. एक, इतर सभासदांना उपद्रव होईल असं काही कोणी आपल्या फ्लॅटमध्ये करू नये. दोन, लेखी तक्रार आली की कमिटीने पुढच्या सभेत त्यावर निर्णय घ्यायचा आणि त्यानंतर १५ दिवसांत तक्रारदाराला कळवायचा. तुमच्या सोसायटीने स्वीकारलेल्या उपविधीची प्रत मागून घ्या आणि तो भाग पत्रात लिहा. कमिटीने दोन्ही घरांना एकत्र बोलवावं अशी विनंती करा. माझ्या अनुभवात कमिटीसमोर अर्धा तास बसल्यावर निम्म्याहून जास्त प्रकरणं तिथेच मिटतात, खास करून सोसायटीत एखादे सगळे मान देतात असे ज्येष्ठ काका-काकू असतील तर त्यांना मुद्दाम बोलवा.

कमिटीला मनाला येईल तसा दंड लावता येत नाही, दंडाचा विषय जनरल बॉडीचा, म्हणजे सगळ्या सभासदांच्या सभेचा, आणि त्याआधी नोटीस देऊन समोरच्याचं म्हणणं ऐकावं लागतं. पाणी तोडा, लिफ्ट बंद करा असल्या मागण्या तर करूच नका. सोसायट्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी उपनिबंधक कार्यालयातही लगेच धावू नका, तिथे निवडणूक, कागदपत्रं, हिशोब असले विषय चालतात, घरातल्या आवाजाचं भांडण तिथे सुटत नाही.

भाड्याने राहत असाल तर तुम्ही सभासद नाही, म्हणून पत्र घरमालकाच्या सहीने किंवा त्यांच्या ईमेलवरून जाऊ द्या. आवाज करणारे भाडेकरू असतील तर सोसायटीला त्यांच्या मालकाला लिहायला सांगा, लिव्ह अँड लायसन्स करारात शेजाऱ्यांना उपद्रव देणार नाही असं कलम बहुतेक वेळा असतंच.

चाळीत किंवा जिथे सोसायटी अजून झालेली नाही तिथे चाळ कमिटी किंवा मंडळातली जुनी माणसं हाच मार्ग, आणि खरं सांगायचं तर तिथे तो बऱ्याचदा जास्त लवकर चालतो.

रिनोव्हेशनचा त्रास असेल तर तो तात्पुरता आहे हे लक्षात घ्या आणि फक्त वेळेचा आग्रह धरा. बऱ्याच सोसायट्या दुपारी विश्रांतीची वेळ सोडून आणि रविवार वगळून तोडफोडीला परवानगी देतात. कामाची लेखी परवानगी घेतली आहे का आणि त्यात काय वेळ आहे ते सेक्रेटरींना विचारा.

७. पोलीस

रात्री दहानंतर स्पीकर, दारू पिऊन आरडाओरडा, रात्रीचं ड्रिल, किंवा बोलायला गेल्यावर धमकी, धक्काबुक्की, यात पोलिसांना बोलवायला कचरू नका. ११२ वर फोन करा, बिल्डिंगचं नाव, जवळची खूण, मजला सांगा, पोलिसांची गाडी किंवा बीट मार्शल (त्या भागात गस्त घालणारे पोलीस) येऊन समज देतात. फोनची वेळ वहीत लिहा.

सारखं होत असेल तर पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या, सोबत सोसायटीच्या पत्राची पोच जोडा. बहुतेक वेळा एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद होते. एनसीमध्ये मॅजिस्ट्रेटच्या परवानगीशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत, पण समोरच्याला बोलावून समज देतात आणि नोंद राहते. एनसीची प्रत मागून घ्या.

लाऊडस्पीकरच्या तक्रारींबाबत बॉम्बे हायकोर्टाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलंय की तक्रारदाराची ओळख न विचारता कारवाई करावी, त्यामुळे नाव देण्याची भीती असेल तर तसं स्पष्ट सांगा. घरातल्या आवाजात मात्र तक्रार कोणी केली ते वरच्यांना लगेच कळतं, हे धरूनच चला.

इथला मोठा सापळा म्हणजे क्रॉस एनसी. तुम्ही एक केली की तेही जाऊन एक करून येतात, मग दोन्ही घरांना चौकीच्या फेऱ्या. खुर्ची सरकते, मुलं धावतात यासाठी पोलिसांत जाऊ नका, तिथे "आपसात मिटवा" हेच ऐकायला मिळेल आणि शेजारी कायमचा तुटेल.

८. मध्यस्थी, आणि अगदी शेवटी कोर्ट

कोर्टात जाण्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दावापूर्व मध्यस्थीचा अर्ज करता येतो. तिथे तिसरा माणूस दोघांना बसवून बोलतं करतो. मोफत वकील हवा असेल तर महिलांना उत्पन्नाची अट नाही. दिवाणी कोर्टात मनाई हुकूम, म्हणजे आवाज थांबवायचा कोर्टाचा आदेश, मागता येतो, पण त्याला वेळ, पैसा आणि भक्कम नोंदी लागतात. घरातच कारखान्यासारखं काम चालतं, रोज रात्री पार्टी असते, अशा प्रकरणातच मी ते सुचवेन.

जवळ ठेवायचे कागद

- नोंदवही आणि ऑडिओ, तारखेप्रमाणे नाव देऊन
- शेजाऱ्यांशी झालेले मेसेज
- सोसायटीला दिलेल्या पत्राची पोच, कमिटीचं उत्तर
- उपविधीची प्रत
- घराचा करार किंवा शेअर सर्टिफिकेट, भाडेकरूंसाठी लिव्ह अँड लायसन्स
- आधार किंवा दुसरं ओळखपत्र
- घरात आजारी, वयस्कर, तान्हं बाळ असेल तर डॉक्टरांचा कागद
- ११२ च्या फोनच्या वेळा, अर्जाची आणि एनसीची प्रत

तक्रार तुमच्याबद्दल आली तर

हे पण होणार, कारण आपल्याही घराखाली कोणीतरी राहतं. दारात आलेल्या माणसाला आत बसवा, पाणी द्या, "आमच्याकडून काही येत नाही" हे पहिलं वाक्य तोंडात येईल ते थांबवा. कधी येतो, कुठल्या खोलीत येतो ते विचारा आणि जमलं तर खाली जाऊन स्वतःच्या कानाने ऐका, घरच्यांना वर मिक्सर लावायला सांगून. मग मिक्सर ओट्याच्या भिंतीपासून थोडा पुढे सरकवा, खाली मॅट टाका, परत लावा, आणि खालच्या काकूंना फोन करून विचारा, आता कमी आहे का.